नव्या आकृतीत जुनी कुठे बसली आहे?

प्रश्न एका आईचा आहे. मुलगा पाचवीत, शिष्यवृत्तीची तयारी चालू. काड्यांनी एकाला एक चिकटून एका रांगेत चौकोन केले आहेत: पहिल्या आकृतीत एक चौकोन, दुसरीत दोन, असे. पहिल्या आकृतीत ४ काड्या, दुसरीत ७, तिसरीत १०, चौथीत १३. पुढची संख्या १६ हे तो क्षणात सांगतो. पण विसाव्या आकृतीत किती काड्या असं विचारलं, की एकतर बोटांवर तीन-तीन मिळवत जातो आणि मध्येच चुकतो, नाहीतर "पाचवीत १६, मग विसावीत चौपट, ६४" असं सांगून मोकळा होतो. क्लासमध्ये सूत्र पाठ करायला दिलं आहे. आईंना विचारायचं आहे की सूत्र घोकून घ्यावं का, आणि ही तीन-तीन मिळवायची सवय मोडायची कशी.

ताई, सवय मोडू नका. सत्तावीस वर्षं पाचवी ते दहावीच्या वर्गांना गणित शिकवल्यावर मी हे खात्रीने सांगते: "मागच्यात तीन मिळवले की पुढचा येतो" हे तुमच्या मुलाला स्वतःला दिसलं आहे, आणि पुढचं सगळं त्याच्यावरच उभं राहणार आहे. त्याला कमी पडतंय ते एवढंच, की तीनच का मिळवायचे हे त्याने आकृतीत पाहिलेलं नाही. त्याने फक्त आकडे पाहिले. ४, ७, १०, १३ हे आकडे काड्यांपासून सुटे करून वहीत लिहिले, की त्यातलं कारण निघून जातं.

म्हणून आज संध्याकाळी काड्यापेटी घ्या. आगपेटीच्या काड्या नको असतील तर खराट्याच्या हिराचे सारखे तुकडे करा. त्याला तिसरी आकृती मांडू द्या आणि मग चौथी करायला सांगा. बहुतेक मुलं तिसरी मोडत नाहीत, तिच्याच उजवीकडे काड्या लावतात. तिथे थांबवा आणि विचारा, "आता चौथीत तिसरी कुठे आहे? बोट फिरवून दाखव. आणि नवीन काय लावलंस?" तो दाखवेल: वरची एक, खालची एक, उजवी उभी एक. डावी उभी आधीपासून आहे, म्हणून चार लागल्या नाहीत. तीन का, याचं उत्तर त्याच्या बोटाखाली आहे.

जुनं कुठे आहे आणि नवं काय आलं, हे दोन प्रश्न मी आयुष्यभर विचारत आले. या प्रकारच्या गणितात यापेक्षा कामाचे प्रश्न मला सापडले नाहीत. मोठ्या वर्गांत आणि संगणकाच्या अभ्यासात याला रिकर्शन म्हणतात, मराठीत पुनरावर्तन. पाचवीच्या मुलाला यातला एकही शब्द लागत नाही. त्याला "मागच्यावरून पुढचं" पुरेसं आहे.

आता त्याच्या ६४ कडे या. मला हे चुकीचं उत्तर फार मोलाचं वाटतं. कृपा करून त्यावर लाल फुली मारून पुढे जाऊ नका. त्याला पाचव्या आकृतीच्या चार प्रती करू द्या, प्रत्येकी १६ काड्यांच्या. काड्या ६४ झाल्या, त्याचं म्हणणं इथवर बरोबर आहे. आता त्या चारही रांगा एकमेकींना चिकटवायला सांगा. जोडताना एका रांगेची शेवटची उभी काडी आणि दुसरीची पहिली उभी काडी एकाच जागी येतात, म्हणजे एक उचलावी लागते. असे जोड तीन, म्हणून तीन काड्या हातात उरतात. ६४ मधून ३ गेल्या, ६१. हेच बरोबर उत्तर. मुलाला कळतं की आपण चौपट केली तेव्हा पहिली डावी काडी चार वेळा मोजली. "गुणाकार करायचा नसतो" असं बजावून ही चूक जात नाही. चिकटवताना काडी हातात उरली की जाते, असा माझा अनुभव आहे.

यातूनच दुसरी गोष्ट निघते. मागच्यावरून पुढचं सांगायला दोन वस्तू लागतात: नियम आणि सुरुवात. नुसतं "तीन मिळवा" म्हटलं तर ४, ७, १० चालेल, ५, ८, ११ चालेल आणि ३, ६, ९ सुद्धा चालेल. यातला शेवटचा म्हणजे तीनचा पाढा. मुलं पाढा म्हणताना हेच करत असतात. "सात आठे" अडलं की हुशार मूल "सात साते एकोणपन्नास" वरून सात पुढे जातं आणि छप्पन्न म्हणतं. ते पाढा विसरलं असं समजून रागावू नका. पाढा कसा तयार होतो हे त्याला माहीत आहे. काड्यांची आकृती म्हणजे एक काडी आधी ठेवून सुरू केलेला तीनचा पाढा. पहिली डावी उभी काडी बाजूला ठेवा, मग प्रत्येक चौकोनाला नेमक्या तीन. वीस चौकोनांच्या साठ आणि ती एक, एकसष्ट.

हे त्याला असं थेट सांगू नका. त्याच्याकडूनच निघावं म्हणून माझी एक युक्ती आहे: बेरीज करायची, पण उत्तर लिहायचं नाही. पहिली आकृती ४. दुसरी ४ + ३. तिसरी ४ + ३ + ३. चौथी ४ + ३ + ३ + ३. एकाखाली एक लिहायला लावा. सातवी-आठवी ओळ आली की कुठलंही मूल कंटाळतं आणि म्हणतं, "किती वेळा तीन लिहू?" बस, सूत्राचा जन्म इथे झाला. उत्तर काढून १६ लिहिलं की आतले तीन दिसेनासे होतात. न काढता ठेवले की ते मोजता येतात.

इथे एक खड्डा आहे आणि त्यात जवळजवळ प्रत्येक जण पडतो. विसाव्या ओळीत तीन किती वेळा आले? मुलं वीस म्हणतात. आलेले असतात एकोणीस, कारण पहिल्या ओळीत एकही नव्हता. त्याला हाताची बोटं पसरायला सांगा: बोटं पाच, फटी चार. पहिल्यापासून विसाव्यापर्यंत जायला एकोणीस उड्या. ४ आणि एकोणीस त्रिक सत्तावन्न, मिळून ६१. मघाशी वीस त्रिक साठ आणि एक असं केलं होतं. दोन्ही वाटांनी एकच उत्तर आलं, आणि ते का आलं (४ म्हणजे १ + ३) हे मुलाने स्वतः म्हटलं तर त्या दिवसाचं गणित झालं. आणखी काही घेऊ नका.

सूत्र घोकण्याबद्दल. मी नवीन होते तेव्हा एका वर्गाला "तिप्पट अधिक एक" हे घाईने फळ्यावर लिहून दिलं. पुढच्या आठवड्यात चौकोनांऐवजी त्रिकोणांची रांग दिली: ३, ५, ७, ९ काड्या. निम्म्या वर्गाने तिथेही तिप्पट अधिक एक केलं. दोष मुलांचा नव्हता. मी त्यांना उत्तर दिलं होतं, आकृती पाहायला दिली नव्हती. त्रिकोणात जुनी एक बाजू कामी येते म्हणून नव्या काड्या दोनच लागतात, हे त्यांना काड्या हातात घेतल्यावर एका मिनिटात दिसलं. परीक्षेच्या आदल्या महिन्यात सूत्र जरूर वापरू द्या, वेळ वाचतो. फक्त एक शिस्त लावा: सूत्र मांडलं की ते पहिल्या आणि दुसऱ्या आकृतीवर ताडून बघायचं. दोन्हीकडे जुळलं तरच विसाव्याकडे जायचं.

काड्यांत दर वेळी भर सारखीच पडते, म्हणून ते सोपं. भर स्वतःच वाढत जाते तेव्हा खरी गंमत, आणि त्यासाठी आपल्या घरात ठिपक्यांच्या रांगोळीइतकं चांगलं साधन नाही. सरळ ठिपके आधी घ्या. पाच ओळी, प्रत्येकीत पाच ठिपके. आता सहा-सहाची करायची आहे. जुनी पुसायची नाही. उजवीकडे एक उभी ओळ पाचची, खाली एक आडवी पाचची, आणि कोपऱ्यात एक. नवे ठिपके ११. त्याआधी चार-चारची पाच-पाच करताना ९ लागले होते. म्हणजे १, ३, ५, ७, ९, ११ या विषम संख्या ओळीने मिळवत गेलं की १, ४, ९, १६, २५, ३६ या वर्गसंख्या येतात. वहीत हा नियम कोरडा वाटतो. अंगणात तो डोळ्यांनी दिसतो.

आणि मग मध्ये-मध्ये ठिपके सोडतात ती, "७ ते ४" किंवा "१५ ते ८" म्हणतात ती रांगोळी. मधली ओळ सातची, वर-खाली सहा, पाच, चार. एकूण ठिपके: ७ आणि दोन्ही बाजूंचे १५-१५, म्हणजे ३७. त्याआधीची लहान "५ ते ३": १९. त्याआधीची "३ ते २": ७. आणि अगदी सुरुवातीला एकटा ठिपका. १, ७, १९, ३७. भर किती? ६, १२, १८. मुलगा लगेच म्हणेल, पुढची भर २४, म्हणून "९ ते ५" मध्ये ६१. बरोबर आहे. पण तेवढ्यावर सोडू नका. जुनी कुठे बसली आहे विचारा. ती अगदी मधोमध असते आणि नवे ठिपके तिच्याभोवती षटकोनी कडं करून बसतात. कड्याला सहा बाजू. रांगोळी एक पायरी वाढली की प्रत्येक बाजूत एक ठिपका जास्त बसतो, म्हणून प्रत्येक नवं कडं आधीच्या कड्यापेक्षा सहाने मोठं. सहा आकड्यात आहेत कारण सहा बाजू रांगोळीत आहेत.

आता मघाचीच युक्ती: उत्तर न काढता लिहा. १ + ६ + १२ + १८. मधला एक बाजूला ठेवून बाकीच्यांतले सहा बाहेर काढले की आत १ + २ + ३ राहतं, ही तर त्रिकोणी संख्या, म्हणजे १ पासून ओळीने केलेली बेरीज, शिष्यवृत्तीच्या मुलांच्या ओळखीची. "१५ ते ८" मध्ये सात कडी असतात. १ ते ७ ची बेरीज २८, सहापट १६८, मधला एक मिळवून १६९ ठिपके. माझ्या एका विद्यार्थिनीने हे गणित घरी आजीला सांगितलं. आजीने दिवाळीच्या आधी ठिपके मोजून बघितले आणि निरोप पाठवला की बरोबर आहेत. तो निरोप मला अजून आठवतो.

इथपर्यंत असं वाटेल की मागच्यावरून पुढचं जाणं ही पहिली पायरी, आणि सूत्र म्हणजे वरचा मजला. पुष्कळ शिक्षकही असंच मानतात. मला ते मान्य नाही, आणि त्याचं कारण आपल्या व्याकरणाच्या पुस्तकात आहे. लघू अक्षराची एक मात्रा, गुरू अक्षराच्या दोन. चार मात्रा किती तऱ्हांनी भरता येतील? ल ल ल ल, ल ल गु, ल गु ल, गु ल ल, गु गु. पाच. तीन मात्रा? ल ल ल, ल गु, गु ल. तीन. दोन मात्रा? ल ल किंवा गु. दोन. आता पाच मात्रांसाठी सगळ्या तऱ्हा लिहीत बसू नका. फक्त शेवटचं अक्षर बघा. ते लघू असेल तर त्याच्या आधी चार मात्रा भरल्या असणार, त्याच्या तऱ्हा ५. गुरू असेल तर आधी तीन भरल्या असणार, त्याच्या तऱ्हा ३. म्हणून एकूण ८. सहा मात्रांच्या ५ + ८ = १३, सातच्या २१, आठच्या ३४.

१, २, ३, ५, ८, १३, २१, ३४. जगभर ही संख्यामाला इटलीच्या फिबोनाची यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांचा ग्रंथ १२०२ सालचा, त्यात सशांच्या जोड्यांचं गणित आहे. आपल्याकडे छंदशास्त्राचा अभ्यास करणाऱ्या आचार्य हेमचंद्रांनी साधारण ११५० च्या सुमाराला मात्रांच्या तऱ्हा मोजण्याचा हाच नियम सांगितला होता, आणि विरहांक यांनी त्याच्याही कित्येक शतकं आधी. त्यांच्यापुढे प्रश्न कवितेचा होता. शेवटचं अक्षर झाकून मागे काय उरतं हे पाहणं हीच त्यांची रीत, म्हणजे तुमचा मुलगा चौथ्या आकृतीत तिसरी दाखवतो तेच. या मालेला थेट सूत्रही आहे, पण त्यात ५ चं वर्गमूळ येतं आणि पाचवीच्या मुलाला त्याचा काडीचा उपयोग नाही. इथे "मागच्या दोघांची बेरीज" हेच पूर्ण, सुंदर आणि शेवटचं उत्तर आहे. एकावेळी एक किंवा दोन पायऱ्या चढत जिना चढायच्या किती तऱ्हा, हे गणितही हेच. लघू म्हणजे एक पायरी, गुरू म्हणजे दोन.

मूल जरा मोठं असेल, सातवी-आठवीचं, तर डब्यांच्या झाकणांचा खेळ द्या. लहान-मोठी चार झाकणं एकावर एक, सर्वांत मोठं तळाला. शेजारी दोन रिकाम्या जागा. एका वेळी एकच झाकण उचलायचं आणि लहानावर मोठं कधीच ठेवायचं नाही. सगळा ढीग दुसऱ्या जागी न्यायचा. फ्रेंच गणिती एद्वार ल्युका यांनी १८८३ मध्ये हे कोडं जगापुढे आणलं. मुलं हात चालवत सुटतात आणि गोंधळतात. तेव्हा मी म्हणते, तळाच्या झाकणाकडे बघ. ते हलायला हवं तर वरची तिन्ही एका बाजूच्या जागी गेलेली हवीत. तीन झाकणं हलवायला जेवढ्या खेपा लागतात तेवढ्या लागू देत. मग मोठं एकदा हलेल. मग ती तीन पुन्हा त्याच्यावर आणायला तेवढ्याच खेपा. म्हणजे तिनाच्या खेपांची दुप्पट अधिक एक. एका झाकणाला १, दोनाला ३, तिनाला ७, चाराला १५. इथे पहिल्यांदा मुलाला मागच्यावर विश्वास टाकावा लागतो. तीन कशी हलवायची ते डोळ्यांपुढे नाही, तरी ती हलतात असं धरून पुढचा विचार करायचा. हे धाडस एकदा जमलं की पुढे बीजगणितात आणि संगणकाच्या प्रोग्राममध्ये ते मूल अडत नाही. त्याला घाई करू नका, काही मुलांना यासाठी दोन-तीन महिने लागतात.

एक सावधगिरी सांगायलाच हवी, कारण परीक्षेचे संच मुलांना उलटी सवय लावतात. "१, २, ४, ८, १६, पुढे काय?" सगळे ३२ म्हणतात. आता मोठं वर्तुळ काढा. त्याच्या कडेवर एक ठिपका दिला तर आत एकच भाग. दोन ठिपके जोडले तर २ भाग. तीन ठिपके, प्रत्येक दुसऱ्याशी जोडलेला, ४ भाग. चार ठिपक्यांचे ८, पाचांचे १६. सहावा ठिपका द्या, सगळ्या रेषा काढा, फक्त वर्तुळाच्या आत तीन रेषा एकाच बिंदूतून जाणार नाहीत इतपत ठिपके वाकडेतिकडे ठेवा, आणि भाग मोजा. ३१ येतात. कितीही वेळा मोजा, ३१. आकडे दुप्पट होताना दिसले, पण दुप्पट व्हायला आकृतीत काही कारण नव्हतं. म्हणून मुलाने "तीन मिळवायचे" म्हटलं की मी दर वेळी "का?" विचारते, आणि उत्तरात आकड्यांऐवजी काडीकडे बोट गेलं तरच मान्य करते.

तुमच्या मुलाला आकड्यांशी खेळायला आवडतं असं वाटतं, म्हणून कापरेकरांचा खेळही देते. नाशिकजवळ देवळालीत शाळेत गणित शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांचं नाव आज जगभरच्या गणिताच्या पुस्तकांत आहे. त्यांच्या एका खेळात संख्या घ्यायची आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवायची: २१ पासून २४, मग ३०, ३३, ३९, ५१. पुढे कुणीही जाईल. आता मुलाला उलटं विचारा, ३३ कुणापासून आली? ३० पासून. १०१ कुणापासून? ९१ पासून आणि १०० पासूनही. आणि २०? शोधू द्या, खूप शोधू द्या. तिच्या मागे कुणीच नाही. अशा संख्यांना स्वयंभू संख्या म्हणतात. मागच्यावरून पुढचं नेहमी निघतं, पण पुढच्यावरून मागचं निघेलच असं नाही, कधी दोन निघतात, कधी एकही नाही, हे दहा वर्षांच्या मुलाला या खेळातून सहज कळतं.

रोज पंधरा मिनिटं पुरे. पहिले चार दिवस फक्त काड्या: चौकोनांची रांग, त्रिकोणांची रांग, मग त्याने स्वतः बनवलेली एखादी. त्यात तुम्हीही चुका आणि त्याला तुमची चूक शोधू द्या. विसाव्या आकृतीसाठी तो तीन-तीन मोजत बसला तर बसू द्या, मध्ये बोलू नका. मोजून झालं की विचारा, किती वेळा मिळवलेस. पाचव्या दिवशी फरशीवर खडूने "१५ ते ८" चे ठिपके मांडा आणि "१७ ते ९" करायला सांगा. आधी मोजायचं नाही, जुनीभोवती नवं कडं काढायचं. कड्यात ४८ ठिपके बसले आणि एकूण २१७ झाले तर त्याला विचारा, अठ्ठेचाळीसच का.